दोन लाख एकोणीस हजार नऊशे नव्याण्णव

जबाब देणार: गल्लीत सगळे ‘मीटरमिस्त्री’ म्हणतात, कागदोपत्री नाव सोबतच्या ओळखपत्रावर आहे. वय ६९ वर्षे. धंदा: गाड्यांचे मीटर दुरुस्त करणे, चव्वेचाळीस वर्षे. शिक्षण: चौथी पास, पुढचे सगळे उघडून बघून शिकलो. राहणार: पाण्याच्या टाकीमागची गल्ली, टायरच्या दुकानावरचा मजला.

लेखनिक हवालदारांचा उजवा हात प्लास्टरमध्ये असल्याने हा जबाब अंमलदार साहेबांच्या परवानगीने मी माझ्याच हाताने लिहीत आहे. हवालदार, तुमच्या मनगटाची ठणक उतरली का? अंमलदार साहेब, तुमचा खोकला मला बाहेरच्या बाकावर ऐकू येत होता, गरम पाणी घेत जा. टेबलावरच्या ताई, तुमच्या आईच्या डोळ्याची पट्टी निघाली का? आणि तुमच्या धाकट्याचा ताप? हवालदार म्हणाले, “काका, जबाबात हे लिहायचं नसतं.” पण लिहून झाले आहे. खाडाखोड नको म्हणून तसेच ठेवतो.

मी समक्ष हजर राहून स्वखुशीने लिहून देतो की,

मला तरुणपणापासून दोन दारांची, बुटकी, जोरात पळणारी गाडी हवी होती. आयुष्यभर अशा गाड्यांचे मीटर हाताळले, पण मांडीखाली एकही आली नाही. यंदा दुकान पुतण्याकडे सोपवायचे ठरले, तेव्हा पत्नीला सांगितले, की आता एक घेतो. पत्नी म्हणाली, “घ्या. पण आत बसलात की बाहेर कोण काढणार? मला तर आत्तापासूनच कंबर दुखतेय.” गेल्या महिन्यात पेपरात छोटी जाहिरात आली. लाल गाडी, तिसरा मालक, मीटर दोन लाख एकोणीस हजार. एवढी चाललेली असूनही आकडा उघड छापला होता, त्यामुळे मला विकणाऱ्याबद्दल आदर वाटला. माझ्या धंद्यात खरा आकडा क्वचित दिसतो.

गुरुवारी सकाळी दहाच्या सुमारास मी आणि पत्नी गाडी बघायला गेलो. विकणाऱ्या बाई त्र्याहत्तर वर्षांच्या, एकट्या राहतात. गाडी पाहून पत्नी माझ्या कानात म्हणाली, “ही गाडी आहे की चप्पल?” बाईंनी ते ऐकले आणि हसल्या. चालकाची सीट अगदी शेवटपर्यंत मागे सरकवलेली होती आणि तिच्या पाठीशी दोन उशा रचल्या होत्या. मी विचारले, “सीट पुढे घेता येते की. उशा कशाला?”

बाई म्हणाल्या, “त्याची जागा आहे ती. त्यानं लावली तशी ठेवलीय.”

त्यानंतर त्यांनी जे सांगितले ते असे. गाडी त्यांच्या मुलाची. अकरा वर्षांपूर्वी दुपारी साडेतीनला, गावाबाहेरच्या बोगद्यात, तिसऱ्या दिव्यापाशी इंजिन एकदम बंद पडले. मुलगा खाली उतरून गाडी कडेला ढकलू लागला. मागून टेम्पो आला. गाडीला ओरखडाही आला नाही. इंजिनात दात्यांचा एक रबरी पट्टा असतो, तो तुटला की इंजिन जागच्या जागी थांबते. तो तुटला होता. चार महिने आधी गाडी एका गॅरेजवालीकडे सर्व्हिसिंगला गेली होती. त्या वेळी तिचे वय सव्वीस.

“कंपनीचा माणूस कोर्टात म्हणाला, हा पट्टा एक लाख किलोमीटरला बदलायचा असतो, अठ्ठ्याऐंशी हजारात तुटत नाही. कुणीतरी हात लावला, सैल केला, म्हणूनच तुटला. हात तिच्याशिवाय कुणाचा लागणार?” बाई म्हणाल्या. गॅरेजवालीला एक वर्षाची शिक्षा झाली. हा खटला मी तेव्हा पेपरात वाचला होता. चहा पिताना पत्नीला म्हणालो होतो, की पोरीने घाई केली असणार. हेही लिहून ठेवतो.

मुलगा गेल्यावर बाई गाडी शिकल्या. “शिकवणारा म्हणाला, आजी, ही गाडी पोरांची. म्हटलं, पोराचीच आहे.” त्या रोज बोगद्यापर्यंत जात, तिसऱ्या दिव्यापाशी एकदा हॉर्न देत आणि परत येत. जाऊन येऊन तेहतीस किलोमीटर. आता डोळ्यांमुळे डॉक्टरांनी गाडी बंद केली. विकताना त्यांची एकच अट होती. आठवड्यातून एकदा तरी हॉर्न द्यायचा. मी कबूल झालो.

मीटर पाहताना मला दिसले, की दहा हजाराचा आकडा केसभर खाली बसला आहे. मी म्हणालो, “कधीतरी उघडलाय हा. कुणा अडाण्याचं काम आहे, बाई. चाक नीट बसवता आलं नाही त्याला.”

बाई म्हणाल्या, “दर दहा हजारांनी अडतो तो. मी चापट मारते, मग चालतो. आता परत वेळ आलीच आहे.”

मी हसलो. चापट मारून चालणाऱ्या मीटरवर मी अनेक वर्षे पोट भरले, असेही म्हणालो. पत्नी म्हणाली, “यांच्या अंगावरही हाच उपाय चालतो.” बाई तेव्हा खूप हसल्या. निघताना त्यांनी उशा काढून घेतल्या आणि सीट तशीच राहू दे म्हणाल्या. माझी उंची बेताची असल्याने मीही पाठीशी आमच्या घरची एक उशी घेतली.

रविवारी सकाळी अकरा वाजता मी व पत्नी बोगद्यात गेलो. तिसऱ्या दिव्यापाशी मी हॉर्न दिला. बोगद्यात तो बराच वेळ फिरला. पत्नीने माझ्या दंडावर हात ठेवला. काही वेळाने माझे लक्ष मीटरकडे गेले. दोन लाख एकोणीस हजार नऊशे नव्याण्णव. मी चापट मारली. पत्नी म्हणाली, “तुम्हाला काही जमत नाही,” आणि तिने मारली. गाडी पळत होती, वेगाचा काटा हलत होता, आकडा हलला नाही. घरापर्यंत सतरा किलोमीटर तो तसाच होता. दारात उतरताना पत्नी म्हणाली, “उघडून बघा हो.”

मंगळवारी दुपारी दुकानात मी मीटर काढला. इथे माझी एक सवय सांगणे भाग आहे. कोणताही मीटर मी उघडला, की तबकडीच्या आतल्या बाजूला, जिथे कुणाला दिसणार नाही तिथे, सुईने त्या वेळचा खरा आकडा कोरतो. हे मला कुणी शिकवले नाही. ज्या वर्षी पहिल्यांदा आकडा मागे फिरवला, त्या वर्षी सुरू केले. निदान मीटरच्या पोटात तरी खरे असावे, असे वाटायचे. माझ्याशिवाय हे दुसरा कोणी मिस्त्री करत असल्याचे माझ्या माहितीत नाही.

तबकडी उलटी करून मी भिंग लावले. आत कोरलेले होते: १,१२,३४०. खाली माझी खूण. तीनचा आकडा मी वरून सपाट काढतो, तो तसाच होता.

दहा हजाराच्या चाकाचा एक दात टोकाला तुटलेला होता. पुढचे एक लाख सदुसष्ट हजार किलोमीटर तो अडत राहिला, तो माझ्या स्क्रूड्रायव्हरने तुटला.

चौदा वर्षांपूर्वी एका जुन्या गाड्यांच्या दलालाने ही गाडी माझ्याकडे आणली होती. एक लाख बारा हजार तीनशे चाळीसचे मी बावन्न हजार तीनशे चाळीस केले. अर्धा तास लागला. दलाल म्हणाला, “मिस्त्री, गाडीला थोडंच वाचता येतं?” मी हसलो होतो. त्याने पैसे देऊ केले, ते मी घेतले नाहीत. त्याच्याकडचे घड्याळजीचे भिंग मला आवडले होते, ते घेतले. वर लिहिलेले भिंग तेच. तो दलाल वारला आहे. त्याच्यावर ढकलण्यासाठी हे लिहीत नाही. हात माझा होता.

म्हणजे मीटरवर अठ्ठ्याऐंशी हजार होते, तेव्हा गाडी एक लाख अठ्ठेचाळीस हजार चाललेली होती. गाडीसोबत बाईंनी दिलेल्या कोर्टाच्या कागदांप्रमाणे तुटलेल्या तुकड्यावर कारखान्याचा मूळ शिक्का होता, म्हणजे पट्टा पहिल्यापासूनचाच. त्याची मुदत कधीच सरून गेली होती. गॅरेजवालीने मीटर वाचला आणि रजिस्टरात लिहिले, “पट्टा एक लाखाला बदलणे.” तिने बरोबर लिहिले.

बुधवारी बाईंचा फोन आला. “हॉर्न दिलात?” “दिला.” “आणि मीटर? अडला असेल. चापट मारलीत?” “मारली.” “चालला?” मी “नाही” म्हणालो. त्या म्हणाल्या, “माझ्या हाताची सवय आहे त्याला. आणा एकदा इकडे.” मी बरे म्हणून फोन ठेवला.

त्याच दिवशी दुपारी चार वाजता मी गॅरेजवालीला शोधले. ती आता भाजीबाजारामागे शिलाई मशीन दुरुस्त करते. गाड्यांना हात लावत नाही. मी काउंटरवर तबकडी ठेवली, भिंग दिले आणि सांगायचे ते सांगितले. तिने बराच वेळ आत पाहिले. मग पावतीच्या मागच्या बाजूला बेरीज केली. दोनदा केली.

“एक लाख अठ्ठेचाळीस,” ती म्हणाली. “फार चालला हो बिचारा पट्टा.”

तिने भिंग खाली ठेवले.

“काका, मी त्या पट्ट्याचं झाकणसुद्धा उघडलं नव्हतं. सगळ्यांनी इतकं सांगितलं, की मलाच वाटायला लागलं, उघडलं असेल. अकरा वर्षं तो पट्टा रोज मनात बसवते मी. दर वेळी बरोबर बसतो. मग परत काढते.”

मी तिच्या पाया पडायला वाकलो. ती मागे सरली. “ते नको. आणि तोंडी माफीही नको, तोंडी बोललेलं मी पुष्कळ ऐकलंय. लिहून द्या. जिथं माझं लिहिलंय तिथंच जाऊन लिहून द्या.” तेवढ्यात गिऱ्हाईक आले. तिने त्याच्या मशीनचा दोरा ओवून दिला. एका झटक्यात ओवला. तिचा हात अजून पक्का आहे, हे मी मिस्त्री म्हणून नमूद करतो.

घरी येऊन पत्नीला सांगितले. तिने उशी गाडीतून काढून आणली आणि म्हणाली, “उद्या सकाळी पहिल्यांदा तिकडे जा. मी डबा देते, वेळ लागेल.”

म्हणून आज आलो. सोबत जमा करत आहे: एक, मीटर, तबकडीसह, तो २,१९,९९९ वरच आहे, मी पुढे सरकवलेला नाही, दोन, भिंग, तीन, गाडीची चावी. तबकडी उन्हात तिरकी धरली तर भिंगाशिवायही वाचता येते. चष्मा असल्यास बरे.

बाईंना हे अजून माहीत नाही. त्यांना कळवायला जाल तेव्हा मला सोबत न्यावे. गाडीत किंवा फाटकाबाहेर थांबवू नये. मी आत उभा राहीन.

याशिवाय मी आणखी किती मीटर फिरवले असे साहेबांनी विचारले. मोजलेले नाहीत. प्रत्येकाच्या आत कोरलेले आहे. त्यांतले किती अजून रस्त्यावर आहेत, मला ठाऊक नाही. परवापासून रस्त्यावर जुनी गाडी दिसली की माझी नजर आधी आत बसलेल्यांकडे जाते.

माझे लिहून झाल्यावर हवालदारांनी हा कागद डाव्या हातात धरून मला मोठ्याने वाचून दाखवला. दोन ठिकाणी ते थांबले, पण शब्द बदलले नाहीत. जसे घडले तसेच यात उतरले आहे. खाली सही करतो. खूण कोरत नाही.

एक विनंती. या जबाबावर जे काही ठरेल त्याचे उत्तर मला पाठवू नका. त्या गॅरेजवालीला पाठवा, दुकानाचा पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे. तोंडी निरोप नको, कागदावर लिहा. आणि लवकर लिहा.