टिकीट कुनाच्या नावावर

माझं म्हायेर पवन मावळातलं, धरनाच्या पल्याड, आन् सासर लोहगडवाडी. गड चढायला कदी आला असाल तर आमच्या टपरीवरनंच गेला असनार तुमी, पिठलं-भाकरी, ताक, कांदाभजी, निळी पाटी हाय बगा, ती आमच्या आत्यांची टपरी, आत्या म्हंजी सासूबाई. माझं नाव रंजना. रंजना बबन गरुड. लिवलं का भाऊ? आदी लिवा, मंग म्होरं सांगते. हसू नका, का म्हनते ते कळंल तुमाला.

बारावी झाली आन् लगीन झालं, दोन पोरी झाल्या, आन् मंग माझ्या डोक्यात शिरलं की कॉम्प्युटर शिकायचा. लोणावळ्यात सहा म्हयन्यांचा कोर्स व्हता. आत्या म्हनल्या भाकऱ्या थापायला कॉम्प्युटर लागतो व्हय गं, आन् आमचे मालक म्हनले जाऊ दे की, शिकंल काय ते. त्यांची जीप हाय, टूरिस्ट फिरवत्यात, सकाळी तेच मला लोणावळ्याला सोडायचे. आता आत्याच गिऱ्हाइकाला सांगत्यात, आमची सून कंट्रोल रूममदी हाय, जसं काय इमानच चालवते मी.

कंपनीचं नाव न्हाई सांगत, नोकरी चालू हाय अजून. हापिस उर्स्याच्या अलीकडं हाय. घाटात न् वर डोंगरातल्या रस्त्यांवर कॅमेरे बसवलेत, ते नीट चालत्यात का न्हाई ते बगायचं आमचं काम. भिंतीभर टीव्ही. कुटं गाडी बंद पडली, कुटं दरड आली, ते आमच्याकडनं फुडं कळवत्यात. कॅमेरा आंधळा झाला की आमी आंधळं. दिवसाच्या पाळीला आमी तिगं. मी पडद्यावर. सलीमभाई वायरमन, कामशेतचे, माझ्याहून धा वर्सांनी मोठे, पान खाऊन खाऊन दात लाल पन हात सोन्याचा. आन् विशाल, तळेगावचा, डिप्लोमावाला, इंग्रजी फाडफाड बोलतो, मला ताई म्हनतो. तिगं बी ठेकेदाराकडनं. अकरा म्हयन्यांचा कागद, अकरा म्हयने झाले की परत बोटं मोजत बसायचं, ठेवत्यात का काडत्यात. सहा वर्सं झाली मला, सहा येळा बोटं मोजली.

आता ह्यातली मेख सांगते. कॅमेरा बंद पडला की कॉम्प्युटरमदी तक्रार उगडायची, त्याला टिकीट म्हनत्यात. काम झालं की टिकीट बंद करायचं आन् खाली रकाना असतो, काम कुनी केलं. एकच नाव मावतं त्यात. दुसरं टाकाय गेलं की लाल व्हतं. म्हयन्याच्या शेवटाला कुनाची किती टिकिटं ते साहेबाच्या टेबलावर जातं, आन् ज्याची कमी त्याला बोलावनं. सलीमभाई दिसभर खांबावर, कॉम्प्युटरला हात लावायला टाईम न्हाई, मंग त्यांची टिकिटं समद्यात कमी. पयल्या वर्सी साहेब त्यांना म्हनले सलीम, तुमचा परफॉर्मन्स काही दिसत नाही. लय लागलं मला ते. तो मानूस पावसात शिडीवर लोंबकळतोय आन् ह्यांना दिसत न्हाई!

तवा म्याच काढलं हे. म्याच! म्हनलं आपन सावड करू. आमच्यात आवनीला सावड असती, भाताची आवनी एकट्या घराला उरकत न्हाई, मंग आज समद्या बाया माझ्या खाचरात, उंद्या तुझ्या, परवा तिच्या. आन् कुनाच्या घरी बाळंतीन असली तर तिचं खाचर समद्यात आदी, ती बांधावर बी येत न्हाई, तिचं भात बाकीच्या लावून देत्यात. ह्यात कुनी उपकार केला असं म्हनत न्हाई. तसंच म्हनलं, ज्याची टिकिटं कमी त्या म्हयन्याला त्याच्या नावावर टाकू. सलीमभाई म्हनले ताई, ये तो बढिया है. विशाल म्हनला चालतंय की. चार वर्सं चाललं, एकालाबी बोलावनं न्हाई.

मंग गेल्या पावसाळ्यात ती भानगड झाली. घाटाच्या वरच्या अंगाचे नऊ कॅमेरे, पाऊस-धुकं आलं की बंद. दुपारी ऊन पडलं की चालू. परत पाऊस, परत बंद. पुण्यावरनं विंजिनियर आले, लॅपटॉप लावून बसले, हे बदललं, ते बदललं, नवीन मशीन आनली, साहेबाच्या तोंडाला फेस. दीड म्हयना! म्या आपली एक वही केली, कुटला कॅमेरा कदी बंद पडला. रोज लिवायची. आन् एक दिस ध्यानात आलं की ह्याच नऊ खांबांवर वायर वरनं सरळ खाली जोडनीच्या डब्यात शिरतीय, बाकीच्यांवर न्हाई.

आता ऐका. आमच्या टपरीवर बल्बाची वायर हाय, सासऱ्यांनी लावलेली, ते न्हाईत आता. ती वायर भोकात घालायच्या आदी त्यांनी खाली झोळ सोडलाय, हातभर. म्या नवी नवरी असताना इचारलं व्हतं, मामंजी, ही ताणून का न्हाई बांधत, बरी न्हाई दिसत. तर म्हनले पोरी, पानी वायरीवरनं चालत येतं, झोळाच्या बुडाला आलं की टपकतं, सरळ ठेवली तर घरात येतं. बास! तेच व्हतं हितं. पानी वायरीवरनं चालत डब्यात जायचं आन् आत ओल धरायची. सलीमभाईंना म्हनलं भाई, झोळ सोडून बगा. त्यांनी एका खांबावर केलं, आन् त्या रातभर पाऊस झोडपला तरी सकाळी कॅमेरा चालू. मंग दोन दिसात नऊच्या नऊ. सलीमभाई शिडीवर, मी खाली शिडी धरून, डोक्यावर इरलं न्हाई का काय न्हाई, भिजून चिंब. विशाल न्हवता. त्याच्या बायकोला दवाखान्यात ठेवलेलं, दिस अवघड व्हते, तो सकाळी हजेरी लावायचा आन् तळेगावला पळायचा. साहेबाला पत्ता न्हाई. आमी सांभाळून घेतलं.

त्याची त्या म्हयन्यात टिकिटं किती? चार. पोरगं व्हनार त्याला, आन् कागद संपत आलेला. मंग काय, बाळंतिनीचं खाचर आदी. नऊच्या नऊ टिकिटं म्या माझ्या हातानं त्याच्या नावावर बंद केली. कारन काय, उपाय काय, तो रकाना बी म्याच भरला, चांगला पानभर. वहीतनं बगून बगून लिवलं, टपरीवरच्या बल्बाचं सोडून समदं. लय खुशीत व्हते हो मी. मुलगी झाली त्याला, पेढे खाल्ले.

दिवाळीनंतर कंपनीचा कार्यक्रम, खंडाळ्याला मोठ्या हॉटेलात. गार हॉल, फुगे, माइक. वरचे साहेब आलेले, त्यांनी मराठीत भाषन केलं, म्हनले दीड महिना जे इंजिनियरना जमलं नाही ते आपल्या एका मुलानं एका आठवड्यात केलं, आणि त्याचा रिपोर्ट मी स्वतः वाचला, इतका साधा, इतका हुशार. माझं काळीज असं उडालं म्हनून सांगू! माझंच लिवलेलं वाचून दाखवतोय की मानूस! आन् मंग नाव घेतलं. विशालचं. स्टार ऑफ द इयर, बक्षीस म्हनून नाव कोरलेला काचेचा चांद, आन् वर पर्मनंट. पर्मनंट, भाऊ. एकच जागा व्हती.

विशाल उठला, माज्याकडं बगितलं, सलीमभाईंकडं बगितलं, तोंड पांढरं पडलेलं त्याचं. गेला वर. माइक हातात घिऊन म्हनतो, हे माझ्या एकट्याचं नाही, हे टीमवर्क आहे. टाळ्या! आरं कोन टीम? टीमला आई-बाप न्हाईत, नाव न्हाई, गाव न्हाई? दोन नावं घ्यायला किती टाईम लागतो, रंजनाताई न् सलीमभाई, संपलं. पर्मनंट ठेव तुझ्याकडं, माइकवर नाव तरी घ्यायचं! आमाला समद्यांना एकेक कप दिला, पांढरा, त्याच्यावर टीम लिवलेलं. घरी मालक त्यात चहा प्यायला गेले तर म्या हातातनं काडून घेतला.

बाहेर गाड्यांपाशी धरला त्याला. म्हनलं का रं विशाल? तर त्याच्या डोळ्यात पानी, म्हनतो ताई, काय बोलू, मी तिथं नव्हतो असं म्हणलो तर हजेरी खोटी, मी जातो घरी, आन् टिकिटं दुसऱ्याच्या नावावर टाकली म्हनून तुमी पन जाता, सलीमभाई पन जातात. खरं व्हतं त्याचं. म्हनून तर संताप जास्त. चोरानं चोरलं असतं तर शिव्या घातल्या असत्या, म्याच माझ्या हातानं दिलेलं, कुनाला शिव्या घालू?

तरी ऱ्हावलं न्हाई. साहेबाकडं गेले, म्हनलं साहेब, त्या कॅमेऱ्याच्या कामात मी पन व्हते. साहेब म्हनले अहो रंजनाताई, होताच की, टीम म्हणजे तेच ना, टीममध्ये कुणी माझं-तुझं करत नाही. म्हनलं साहेब, मंग त्या रकान्यात एकच नाव का मावतं? साहेब हसले. म्हनले ते सिस्टीमचं आहे. म्हंजी बगा, काम करताना टीम, शिव्या खाताना टीम, आन् जागा द्यायची म्हनली की सिस्टीम! रडले न्हाई मी. बाथरूममदी जाऊन तोंड धुतलं आन् परत पडद्यावर बसले.

फुडच्या रविवारी विशाल टपरीवर आला, बायको, पोरगी, आन् पिशवीत तो काचेचा चांद. म्हनला ताई, हे तुमचं हाय, मी घरात ठेवू शकत न्हाई. पाया पडायला लागला. मी म्हनलं उचल ते हितनं. पन आत्यांनी बाळाला मांडीवर घेतलं, चहा केला, आन् तो जाताना चांद तसाच फळीवर सोडून गेला. आत्यांनी फडक्यानं पुसून ठेवलाय, भज्याच्या पिठाच्या डब्याशेजारी. गडावर येनारी पोरं इचारत्यात आज्जी, हे कुणाचं, आत्या सांगत्यात आमच्या सुनेचं. पोरं वाचत्यात तर त्याच्यावर विशालचं नाव. मंग आत्यांचं तोंड बगवत न्हाई. किती येळा म्हनलं टाका ते पोत्यात, त्या म्हनत्यात बल्ब तुझ्या सासऱ्यानं लावलाय, ऱ्हाऊ दे त्याच्या उजेडात.

तवापासनं सावड बंद. कुनी बोललं न्हाई, आपोआप बंद. जो तो आपापलं टिकीट घिऊन बसतो. आदी काय झालं की तिगं एका पडद्यावर डोकी घालायचो, आता मला काय कळलं ते मी सांगत न्हाई, सलीमभाई त्यांचं सांगत न्हाईत. विशाल आता आमचा लीड, मधल्या टेबलावर एकटा. परवा दुपारी धुकं उतरलं आन् पाच कॅमेरे एकदम गेले. विशालला काय सुदरंना. त्यानं वळून बगितलं, ताई? मला म्हाईत व्हतं काय ते, सकाळीच पडद्यावर मधल्या डब्यात उंदीर शिरताना दिसलेला, पाचींची वायर तितनंच जाती, ती कुरतडलीय त्यानं. वाटलं गप बसावं. खरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. पन पडद्यावर एस्टी दिसली धुक्यात शिरताना, दिवे लावून, मंग कुटलं गप बसवतंय! सांगितलं. सलीमभाई पळाले, तासाभरात पाचीच्या पाची चालू.

विशालनं टिकीट उगडलं. त्या रकान्यापाशी थांबला, म्हनला ताई, कुनाच्या नावावर? पयल्यासारखंच इचारलं. सलीमभाई दारात उभे, हात काळे, शर्ट भिजलेला. ह्या म्हयन्यात त्यांची टिकिटं समद्यात कमी, मला म्हाईत, त्यांना म्हाईत, आन् औंदा एक जागा परत निघनार असं हापिसात समदे म्हनत्यात. मी म्हनलं, माझ्या.

विशालनं टाकलं. सलीमभाई म्हनले बराबर है ताई, तुमनेच ढूंढा. आन् हात धुवायला गेले. रोज चारला ते माझा चहा आनत्यात हापिसाबाहेरच्या टपरीवरनं, त्या दिशी न्हाई आनला. त्यांचं चुकलं न्हाई. माझं बी चुकलं न्हाई. मंग चुकलं कुनाचं ते तुमी लिवनारी मानसं सांगा, मला तर रातभर सापडलं न्हाई.

काल मीच दोन कप चहा घिऊन गेले त्यांच्यापाशी, हापिसात पडलेल्या त्या टीमवाल्या कपातनं, दुसरं भांडं न्हवतं. घेतला त्यांनी. म्हनले शक्कर कम है. एवडंच.

देव समद्यांचं भलं करो, विशालच्या लेकीचं करो, सलीमभाईंना ती जागा मिळो, खरंच मिळो, मला बी मिळो. एकच हाय म्हनून देवाला काय अवघड हाय? आन् भाऊ, हे तुमी छापनार, त्याच्याखाली नाव कुनाचं येनार? शब्दांकन म्हनून तुमचं, व्हय ना? घाला की, कष्ट हायेत तुमचे. पन वर माझं घाला. रंजना बबन गरुड, लोहगडवाडी. आन् जागा असली तर माझ्या बाजूला सलीमभाईंचं बी घाला. तुमच्या कागदात दोन नावं मावत्यात का न्हाई, ते आदी बगा.