पूल आणि भागाकार

नाही बाई, तो तक्ता गुंडाळून ठेवा, पाहिलाय मी — मधोमध पूल आणि भोवती सगळे विषय, नवरदेवाभोवती वऱ्हाड जमावं तसे. मुख्याध्यापकांनी माझी समजूत काढायला पाठवलंय ना तुम्हाला? काढा. पण आधी ऐका. एकात्मिक अभ्यासक्रम म्हणे — गणिताचा वेगळा तास बंद, सगळं पुलातूनच शिकवायचं. छान. भाषेच्या बाईंनी पुलावर निबंध घेतला, इतिहासाच्या सरांनी पूल कुणी बांधला ते सांगितलं, चित्रकलेच्या बाईंनी पुठ्ठ्याचा पूल करायला घेतला — आणि भागाकार? भाषेच्या बाईंना वाटलं तो सरांकडे, सरांना वाटलं चित्रकलेकडे. मला काय वाटलं? मला वाटलं, मला विचारतील. कुणी विचारलं? कुणीही नाही.

परवा मीच चाचणी घेतली. अख्खा वर्ग कोरा. हसू नका, माझी लेक आहे त्या वर्गात, तिचाही कागद कोरा — गणिताच्या बाईंची मुलगी. घरी भागाकार काढला की तिच्या तोंडाला कुलूप, नाहीतर पोट दुखतं, मग मी ओरडते, मग तिचे बाबा माझ्यावर ओरडतात, मग कुणीच नीट जेवत नाही — जाऊ द्या, हे तुम्हाला कशाला सांगतेय मी.

मला माझा तास परत हवाय, बस्स. वेळापत्रकात ठसठशीत, गणित. तुम्ही म्हणाल, पुलातही गणित असतंच की. असतं. मला शिकवू नका. काल चित्रकलेच्या वर्गाबाहेर उभी होते मी — उभी म्हणजे, जाता जाता. लेक पुठ्ठ्याचा पूल घेऊन बसलेली, खांब सारख्या अंतरावर लावायचे म्हणून लांबीचे भाग पाडत होती, तोंडी, घडाघडा, वर शेजारणीला समजावत होती, उरलेलं दोन्ही टोकांना सारखं वाटायचं म्हणून — बाकीसुद्धा, बाई, बाकीसुद्धा. आनंद व्हायला हवा होता ना? राग आला मला. घसा कोरडा केला मी, आणि जमलं कुठे, तर तिथे. चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, अगं, हा तर भागाकार झाला, जा, आईला दाखव. तर ही म्हणते — नको ना बाई, आईला सांगू नका, ती लगेच याचं गणित करेल.

हे लिहून घेऊ नका. पेन खाली ठेवा. घंटा झालीय, निघा तुम्ही.