कंट्रोल दाबून तीन

कॉपी केलेला मजकूर साठवणारं सॉफ्टवेअर निवडावं तर मीच निवडावं, हे मी आजही छातीठोक सांगतो. अमळनेरच्या माझ्या पत्रिकांच्या दुकानातला कॉम्प्युटर जुना आहे, भारी काही टाकलं की तो बसतोच. म्हणून मी अगदी हलकं सॉफ्टवेअर शोधलं. कंट्रोल दाबून एक दाबलं की शेवटचं कॉपी केलेलं येतं, दोन दाबलं की त्याच्या आधीचं. माऊसला हात लावायचा नाही.

आमच्या गल्लीतले नाना धाकट्या मुलीची लग्नपत्रिका करायला आले. थोरलीच्या पत्रिकेतली निमंत्रकांची नावं मी कॉपी केली.

"मना भाऊनं नाव काढी टाक," नाना म्हणाले. शेताच्या बांधावरून त्यांचं सख्ख्या भावाशी बोलणं बंद होतं.

मी नाव काढलं, नवी यादी कॉपी केली, मग मुहूर्त कॉपी केला. म्हणजे नवी यादी आता दोनवर होती, जुनी तीनवर. मी रुबाबात तीन दाबलं.

"एकदा वाचून घ्या," मी म्हटलं.

"चष्मा घर राहिना. तू शेस ना."

पत्रिका छापल्या, घरोघरी वाटल्याही गेल्या. लग्नाला दोन दिवस उरले आणि नाना दुकानात आले. पत्रिका टेबलावर ठेवली, भावाच्या नावावर बोट ठेवलं.

"चूक माझी आहे, नाना. आजच्या आज नव्या छापून देतो."

"आते राहू दे," नाना म्हणाले. "पत्रिकामा नाव देखीसन तो सकायपासून मांडवमा शे. सारं काम त्यानाच हातमा शे."