पान नऊवर चौघी पाणी प्यायला गेल्या

…आणि खुर्ची किती बुटकी असावी याला काही मर्यादा? तुम्हाला सांगतो, मी बसलो तेव्हा माझे गुडघे माझ्या कानांशी आले होते, आणि समोर त्या बाई, त्याही तसल्याच खुर्चीवर, पण अशा ऐसपैस की जणू सिंहासन, आणि मला विचारतात काय, तर "काका, घंटा चोरीला कधी जाते?" मी म्हटलं, "पान एकेचाळीस." "आणि आधीची चाळीस पानं?" "आधी पार्श्वभूमी!" त्यावर बाईंनी नुसतं "हं" म्हटलं. तो "हं" मी अजून विसरलेलो नाही…

थांबा, तुमचा गोंधळ होतोय. पहिल्यापासून सांगतो. मी निवृत्त कारकून. चौतीस वर्षं आवक-जावकच्या खिडकीत बसलो. लोकांचे अर्ज परत करणं हे माझं काम. समास सोडला नाही? परत. तारीख नाही? परत. जोडपत्रं तीन म्हटलंय आणि चार जोडलीत? परत, आणि वर "नीट वाचत चला" हा सल्ला मोफत. तर निवृत्त झालो आणि पुस्तक लिहिलं. मुलांसाठी. मुलांसाठीच का? मोठी माणसं ऐकत नाहीत म्हणून! दोनशे चौदा पानं. शाळेची घंटा चोरीला जाते, तीन मुलं ती शोधतात, आणि त्यांच्या सोबतीला एक आजोबा. निवृत्त, अनुभवी, बहुश्रुत… नाही, माझा काही संबंध नाही, उगाच हसू नका.

आणि हौस म्हणून लिहिलं म्हणाल, तर तसंही नाही. चौतीस वर्षं मी रोज लिहीत होतो, पण खाली सही साहेबांची. एक कागद तरी असा असावा की नाही, ज्याच्यावर आपलं नाव, आणि वरच्या बाजूला? तेवढंच हवं होतं हो मला. पण प्रकाशकाकडे गेलो तर तो म्हणतो, "आम्ही थेट घेत नाही, एजंटमार्फत या." एजंट! आमची ही म्हणाली, "जागेचा असतो तसला?" मी म्हटलं, "अगं, साहित्याचा. तो आपलं हस्तलिखित वाचणार, पटलं तर प्रकाशकांकडे नेणार, आपल्या वतीने भांडणार." तर ही म्हणते, "तुमच्या वतीने भांडायला माणूस लागतो? नवलच!"

अकरा एजंटांची यादी केली. सहांचं उत्तरच नाही. चौघांनी कळवलं, मुलांची पुस्तकं घेत नाही, मोठं काही असेल तर पाठवा. म्हणजे मुलांचं ते लहान! उरल्या या बाई. लहान मुलं आणि चौदा-पंधराची पोरं, एवढ्यांचीच पुस्तकं घेतात, दुसरं काही नाही. त्यांचे नियम एका पानावर: पहिली तीन प्रकरणं, एका पानात गोष्टीचा सारांश, दोन ओळींत स्वतःविषयी. उत्तर सहा आठवड्यांत.

आता मला सांगा, तीन प्रकरणांत माझी घंटासुद्धा चोरीला जात नाही! मी सगळी दोनशे चौदा पानं पाठवली. सारांश एका पानात बसेना, अकरा पानं झाला. वर पत्र… विषय, संदर्भ, "महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की", सगळं यथासांग.

बेचाळिसाव्या दिवशी पाकीट परत. सहा आठवडे म्हणजे बेचाळीस दिवस, एकेचाळीस नाही, त्रेचाळीस नाही. आणि चौथ्या प्रकरणापासूनचा गठ्ठा मी बांधला होता तसाच, माझ्या गाठीसकट! सोबत चिठ्ठी: "पहिली तीन प्रकरणं वाचली. पुढची मागितली नव्हती, म्हणून उघडली नाहीत. सारांश एका पानात द्यावा. पत्राचा विषय नेमका लिहिलात, असं फार थोडे लिहितात." मला राग आला, भयंकर आला, पण मी चौतीस वर्षं लोकांना जे केलं तेच माझ्याशी कुणीतरी इतकं नेटकं केलं होतं, की मी हिला म्हटलं, "काहीही म्हण, काम मात्र चोख!"

पण खरा प्रकार पुढेच. पहिली तीन प्रकरणं उघडली, तर समासात पेन्सिलीची टिंबं. कुठे एक, कुठे तीन. काही ठिकाणी बारीक अक्षरांत "जां". काही ठिकाणी "पा". आणि शेवटच्या पानाच्या तळाशी खुलासा: "मी हस्तलिखित मुलांना वाचून दाखवते. टिंब म्हणजे मूल दुसरीकडे बघू लागलं. जां म्हणजे जांभई. पा म्हणजे पाणी प्यायला उठलं." मी पान नऊ काढलं. पान नऊवर आजोबांचं शिस्तीवर भाषण, माझ्या मते पुस्तकाचा आत्मा. आणि समासात काय? पा, पा, पा, पा! चौघी! एका पानात चौघींना तहान! वाळवंट आहे का ते?

तडक गेलो भांडायला. सायकलदुरुस्तीच्या दुकानावर एक खोली, लाकडी जिना, आत जमिनीपासून छतापर्यंत पुस्तकं, आणि बसायला त्या मघाच्या खुर्च्या, सगळ्या मुलांच्या मापाच्या. मोठ्यांसाठी एक नाही! मी म्हटलं, "बाई, मोठी खुर्ची नाही?" त्या म्हणाल्या, "मोठे इथे कधीतरी येतात." मग ते घंटेचं विचारलं, मग "हं" झालं, मग म्हणाल्या, "काका, हे कुणासाठी लिहिलंत?" मी म्हटलं, "वय वर्षं सात ते सत्तर!" तर म्हणतात, "सात वर्षांची आणि पंधरा वर्षांची मुलगी शाळेत एका बाकावर बसत नाहीत. कुठल्या बाकासाठी?" आता आली का पंचाईत! मी म्हटलं, "तुमच्या मुलांनाच समजत नसेल. आजोबांचे विचार उच्च आहेत." बाईंचा आवाज चढला नाही, भुवई हलली नाही. म्हणाल्या, "ही तीन प्रकरणं इथे ठेवा आणि शनिवारी चार वाजता या. कपाटामागे बसा. स्वतः ऐका. फक्त खोकू नका."

शनिवारी गेलो. कपाटामागे बुटकी खुर्ची तयार! चार वाजले, जिन्यावर धडधड, सात मुली आणि चार मुलगे आत घुसले, सतरंजीवर पालथे, उताणे, एक तर भिंतीला पाय लावून उलटी. हा काय श्रोतृवर्ग? आणि बाई वाचायला लागल्या. तुम्हाला सांगतो, मी स्वतः लिहिलेलं, पाठ झालेलं, पण त्यांच्या तोंडून ऐकताना वाटलं हे कुणी दुसऱ्याने लिहिलंय, आणि बरं लिहिलंय. कंटाळवाण्या ओळीसुद्धा त्या तितक्याच इमानाने वाचत होत्या, एक शब्द गाळत नव्हत्या, की लेखकाला म्हणायला जागा नको, तुम्ही नीट वाचलं नाहीत. डावा हात हस्तलिखितावर, उजव्या हातात पेन्सिल, नजर मुलांवर, टिंब, टिंब, जां… असं एकाच वेळी! आमच्या कचेरीत तीन माणसं लागली असती आणि चौथा देखरेखीला. काम चोख हो बाईंचं!

सुरुवातीला शाळेचा इतिहास. टिंबं. मग घंटेचा इतिहास. टिंबं आणि जांभया. मग एक परिच्छेद आला… त्यात त्या तिघांतली मुलगी शाळेत लवकर येते, घंटा आहे अजून जागेवर, आणि ती घंटेला नुसता कान लावून उभी राहते, वाजून गेल्यावर आत अजून काही हलतंय का ते ऐकायला. मी तो परिच्छेद अर्ध्या तासात लिहिला होता. मनात होतं काढून टाकावा, त्यात बोध काहीच नाही. आणि खोली गप्प! ती उलटी पोरगी सुलट झाली. खाली कोणीतरी सायकलची चेन फिरवत होतं, तेवढाच आवाज. पेन्सिल कागदाला टेकली नाही. तुम्हाला सांगतो, माझा घसा दाटून आला…

आणि पुढची ओळ होती, "आजोबांनी घसा खाकरला."

एक दोन वेण्यांची पोरगी फाडकन म्हणाली, "आले! आता हे बोलणार!" आणि सगळी मुलं "ओ नो, आजोबा!" करून सतरंजीवर आडवी. आणि इकडे माझा मघाचा दाटलेला घसा… दाबला हो मी, रुमाल कोंबला, पण आलाच! असला खोकला की कपाटातली दोन पुस्तकं पडली. आणि ती वेण्यांची म्हणते, "बाई, ते पुस्तकातले आजोबा मागे बसलेत का?"

काय सांगणार? बाहेर आलो. नमस्कार केला. मुलं टकमक बघतायत, कारण मी उठलो तर खुर्चीही माझ्याबरोबर उठली होती. बाई हसल्या नाहीत. खुर्ची सोडवायला मदत केली. मुलं गेल्यावर म्हणाल्या, "काका, आजोबा काढा." मी म्हटलं, "आजोबा काढले तर उरतं काय?" त्या म्हणाल्या, "मुलं."

घरी येऊन हिला सांगितलं, म्हटलं, "मेलो तरी आजोबा काढणार नाही." ही भाजी निवडत होती. म्हणाली, "अहो, भाषणं कमी करा म्हणून मी आयुष्यभर कानीकपाळी ओरडले. पेन्सिलीची टिंबं द्यायचं मला सुचलं नाही हो!" आणि स्वतःशीच हसत बसली. घरातून पाठिंबा हा असा.

पण काढले. चार महिने लागले. एकेक भाषण खोडताना दाढ उपटल्यासारखं वाटायचं, आणि दुसऱ्या दिवशी ते पान वाचलं की मोकळं वाटायचं, हे त्याहून वाईट! दोनशे चौदा पानांची शहाण्णव झाली. घंटा दुसऱ्या पानावर चोरीला गेली. बाक ठरला, अकरा-बारा वर्षांचा. सारांश एका पानात, समास सोडून. आजोबा एकदाच येतात, आरामखुर्चीत झोपलेले, आणि मुलं त्यांच्या पायांवरून उड्या मारून पळतात. पुन्हा तीन प्रकरणं पाठवली. तीनच! पंधरा दिवसांत उरलेलं मागवलं, आणि मग पुन्हा मोजून बेचाळिसावा दिवस… पाकीट. झोपलेल्या आजोबांच्या समासात बारीक अक्षरांत "सगळी हसली". ते पान मी हिला तीनदा दाखवलं. आणि खाली पत्र: "तुमचं काम बघायला मला आवडेल. करार सोबत आहे."

दोन पानांचा करार. मी पट्टी घेऊन ओळ-ओळ वाचला. चौतीस वर्षांत माझ्या खिडकीत बिनचूक कागद आलेला नाही, तुम्हाला सांगतो, पण इथे शोधून शोधून थकलो, एक चूक नाही! कधी सोडायचं, कसं सोडायचं, भांडण झालं तर काय, सगळं. सही केली. माझी सही, माझ्या नावावर.

तर ही म्हणते, "झालं ना आता? पुस्तक कधी येणार?" मी म्हटलं, "अगं, पुस्तक कुठलं? एजंट मिळाला. आता बाई नऊ प्रकाशकांकडे पाठवणार. त्यांनी आधीच कळवलंय, बहुतेक सात नाही म्हणतील, आठवा वर्षभर विचार करील, नवव्याचं बघू. आणि जो जो नाही म्हणेल त्याच्या पत्राची प्रत मला येईल." "म्हणजे इतकं करून पुन्हा नकारच?" "हो." "मग फरक काय पडला?"

कालच पहिला आला. प्रकाशकाचं पत्र, तारीखवार नोंद, कोपऱ्यात बाईंची पेन्सिल: "यांना पहिलं पान आवडलं होतं. पुढच्याकडे आजच पाठवलं." मी ते वाचलं, घडी केली, फाईलला लावलं आणि हिला म्हटलं, फरक कसा नाही? आधी नकार थेट घरी यायचे. आता ते योग्य मार्गाने येतात!