पिल्लं घालायची वेळ

शिवम्मा : गोवर आलाय म्हणून सांगायचं, एवढंच. तुमी गावातली बाळंतपणं करणारं माणूस. तुमच्या शब्दावर शरणम्मा इस्वास ठेवंल.

चांदबी : तुझी जाऊ काय खुळी हाय व्हय? रुद्राणी दुपारपासून समोरच्या लिंबावर चढून राहिली. गोवर आलेली पोरगी झाडावर चढती का गे?

शिवम्मा : उद्या लातूरची गाडी यायच्या आधी तिला घरात निजवते, वाकळ पांघरून. शरणम्मा रिकाम्या हातानं परत गेली म्हणजे झालं. पुढचं पुढं.

चांदबी : सिद्रामप्पा काय म्हणतो?

शिवम्मा : मालक काय म्हणणार! त्यांच्या भावाचीच लेक. म्हणले, जिची तिला दे, लातुरात मोठी शाळा हाय, पोरगी शिकंल. आन् जाऊन बसले औशाच्या बाजारात.

चांदबी : बरं. तू म्हणलीस तर सांगीन मी गोवर. पण आधी हिकडं ये. ही टोपली धर.

शिवम्मा : काय हाय त्यात?

चांदबी : पिल्लं. काल मुंगसानं त्यांची आई नेली. आन् ही माझी काळी कोंबडी बघ, खुडूक होऊन बसली हाय डालग्यात. अंडी सगळी नासली तिची, तरी उठंना. दाणा टाकला तर बघंना. हिला पिल्लं पायजेत, पिल्लांना ऊब पायजे. अंधार पडत आला की तिच्या पोटाखाली सारायची.

शिवम्मा : मावशी, आमच्यात कोंबडीला हात लावत न्हाईत. गळ्यात लिंग हाय माझ्या.

चांदबी : मालूम हाय. पण दिवस मावळला की मला दिसत न्हाई. पिल्लू चुकून हिच्या डोळ्यापुढनं गेलं तर टोच मारून जीव घेईल ही त्याचा.

शिवम्मा : कुणी बघितलं तर?

चांदबी : खोटं बोलायला माझं तोंड चालतं तुला, आन् पिल्लाला तुझा हात चालत न्हाई?

शिवम्मा : ...द्या हिकडं. सांगा कसं करायचं.

चांदबी : मागनं हात घाल. एक अंडं काढलं की त्या जागी एक पिल्लू. टोचली तरी हात वढू नको. आन् बोलायचं ते हळू बोल.

(डालग्यातून घशातल्या घशात गुरगुर येते.)

शिवम्मा : अगं बाई! लई गरम हाय हिचं पोट.

चांदबी : अंगात ताप असतो तिच्या. तुलाबी होता.

शिवम्मा : कवा?

चांदबी : दुष्काळाच्या साली. तुझं बाळ नुकतं गेलेलं. तू तापात, छाती दुधानं दाटून दगड झालेली. आन् शरणम्मा खडी फोडून, रेशनच्या लाल मिलो जोंधळ्याच्या भाकरी खाऊन निस्ती हाडं राहिलेली. तिच्या लेकराला थेंब न्हाई. अशीच तिन्हीसांज होती. मीच आणून ठेवली रुद्राणी तुझ्या कुशीत. तुला वाटलं, तुझंच.

शिवम्मा : सकाळी कळलं होतं मला.

चांदबी : कळणारच.

शिवम्मा : माझ्या बाळाला जावळ नव्हतं. हिचं डोकं काळंभोर. म्या कुणाला काय म्हणले न्हाई. पाजत राहिले. वाटलं, तोंड उघडलं तर नेतील. तवापासून हेच भ्या घेऊन जगून राहिले मी, मावशी. पोरगी मला अव्वा म्हणती, तिला काकू. कोण दारात आलं की आधी पोरीला आत घेते.

चांदबी : दुसरं घाल आता. सावकाश.

शिवम्मा : शरणम्मा गेली नवऱ्यामागं सोलापूरला, गिरणीत. लेकराकडं वळून बघितलं न्हाई. आता लातूर जिल्हा झाला, बसवराजभावजी नव्या हापिसात शिपाई झाले, राहायला खोली मिळाली, तर पोर आठवली! उस्मानाबादला जिल्हा होता तेच बरं होतं. जिल्हा जवळ आला आन् माझी पोर लांब चालली.

चांदबी : वळून बघितलं न्हाई, हे कुणी सांगितलं तुला?

शिवम्मा : सासूबाई म्हणायच्या.

चांदबी : सासूला काय मालूम! त्या सांजेला शरणम्मा तुझ्या खोलीच्या दाराभाईर उभी होती. पोरगी रडून रडून निळी पडलेली. मी आत नेली, जरा वेळानं रडू थांबलं. भाईर आले तर मला विचारती, "मावशी, पेली का?" म्हणलं, पेली. तशी तिथंच भुईवर बसली. आधी हसली. मग पदर तोंडात कोंबून रडली. तुला आवाज जाऊ नये म्हणून पदर, शिवम्मा. मला शपथ घातली, आक्काला सांगू नका, तिला तिचंच वाटू द्या.

शिवम्मा : आन् तुमी इतकी वर्सं बोलला न्हाईत.

चांदबी : शपथ होती गे. आज मोडली. अल्ला बघून घेईल.

शिवम्मा : ...दर पंचमीला यायची ती. परकर-पोलकं आणायची शिवून. म्या च्या-पाणी द्यायचे, सगळं द्यायचे, पण पोरीला जवळ बसू देत नव्हते तिच्या. पाणी आण, सरपण आण, कायबी काम काढायचे. ती आपली दारातनं बघायची आन् सांजच्या गाडीनं जायची. एकदाबी म्हणली न्हाई, आक्का, बसू द्या.

चांदबी : हं.

शिवम्मा : तिला पुन्हा लेकरू झालं न्हाई काय.

चांदबी : न्हाई.

शिवम्मा : मावशी, हे शेवटचं पिल्लू घेईना ही. मान वळवून बघून राहिली.

चांदबी : हात तसाच ठेव. पिल्लू बोटाखाली झाक. हलू नको.

शिवम्मा : धडधडून राहिलं बिचारं.

चांदबी : गप. ऐक... आवाज बदलला का तिचा?

शिवम्मा : कुक कुक करून राहिली. पंख पसरला. घेतलं! घेतलं, मावशी.

चांदबी : मग काढ हात.

शिवम्मा : राहू द्या जरासा.

चांदबी : राहू दे, राहू दे. रड, पण आवाज करू नको, उठंल ती.

शिवम्मा : माझं घर कसं भरंल आता? सांजच्याला दार लावून आम्ही दोघं एकमेकांकडं काय बघत बसायचं?

चांदबी : काय सांगू गे तुला. माझ्याकडं येत जा.

शिवम्मा : पाणी घाला हातावर.

चांदबी : हं, धर. उद्या गाडी आली की काय सांगू मग शरणम्माला? गोवर म्हणू का कांजिण्या म्हणू?

शिवम्मा : रुद्राणीला झोपताना कुणाचा तरी कान धरायला लागतो. एवढी घोडी झाली तरी. त्याबिगर झोप न्हाई तिला. ते सांगा.

चांदबी : ते तूच सांग की.

शिवम्मा : मला न्हाई सांगवायचं, मावशी. तुमीच सांगा. म्हणावं, पोर झोपली तरी लगीच कान सोडवून घेऊ नको.