खिळ्याची चावी

मी मूळचा मेडशीचा, ताई. बाप सालदार, माय रोजमजुरीले, आन मले लहानपनापासून लोखंडाचं येड. सायकल दिसली की खोल, पंप दिसला की खोल. बाप म्हने, याले खोलता येते, बसवता येत नाई. पुढं शिकलो एका मिस्तरीपाशी, पन खोटं कायले बोलू, अर्धंच शिकलो.

सासुरवाडी आसेगावची. सत्तर सालानंतरची गोष्ट हाय, वस्तीत लाइट नव्हती, आन जयंतीले पयल्यांदाच भोंगा लावाचा ठरला. जुनं जनरेटर मीच आनलं. काय सांगू तुमाले, काय थाट माहा! जवाई इंजिनवाला! सासरे चार मानसाईत मिशीवर ताव देत.

दोन दिस आंदी मी ते सफाईले खोललं. चाक शाफ्टावर हलू नये म्हनून नखाएवढी चावी असते, ते मातीत हरपली. सांगाची लाज वाटली. खिळा घासला, देला बसवून. इंजिन सुरू कराची दोरी वढली त उलटा झटका बसला. अजून वढली, अजून झटका. मी मनात म्हनलं, ठंडं हाय, होईन सुरू.

तेवढ्यात पुंजाजी आला, माहा साळा. वखर हाकनारा गडी, पन पेटी अशी वाजवे की बाया सैपाक सोडून येत. म्हने, सरका भाऊजी. आन त्यानं दोरी हातावर गुंडाळली, बैलाचा कासरा गुंडाळतेत तशी. मी पायलं, ताई, बोललो नाई. त्यानं वढली, इंजिन उलटं फिरलं, दोरीनं हात आत खेचला, मनगट कटकन मोडलं. उजवं.

आन मी काय म्हनलं? अरे बैताडा, हा काय बैल हाय का, कासरा गुंडाळाले? लोकं त्यालेच हासले. सासऱ्यानंई त्यालेच झापलं. जवायाले कोन बोलनार! थो बिचारा मान खाली घालून म्हने, माहंच चुकलं.

मागून एकटाच खोलून पायलं. खिळा अर्धा कापला गेलता, चाक बोटभर सरकलं होतं. ठिनगीची वेळ त्या चाकावरच ठरते, थे वेळेच्या आंदीच पडे, मंग इंजिन उलटं जाईन नाई त काय होईन? मिस्तरीकडून खरी चावी आनली, एका दोरीत सुरू झालं. मले मातर रडू आलं.

जयंतीच्या सांजी पुंजाजी हात गळ्यात बांधून आला, पेटी म्होरं घेऊन डाव्या हातानं सूर धरला. भाता कोन मारनार? मीच बसलो. भर गान्यात त्याच्या कानाशी लागलो, म्हनलं, पुंजाजी, तुहा कसूर नाई, चावीच्या जागी मी खिळा ठोकलता, झटका मले आंदीच मालूम होता. माहा हात थांबला. थो म्हने, भाऊजी, भाता सोडू नोका, सूर मोडून राह्यला.

सकाळी सासऱ्यालेई सांगतलं. म्हाताऱ्यानं पयल्यांदा मले शिवी हासडली. लय बरं वाटलं.

आता दोघंई म्हातारे. वस्तीत लाइट आली, जनरेटर भंगारात गेलं. पुंजाजीचं मनगट जरा वाकडं जुळलं, पन वाजवते अजून, दोनी हातानं पेटी संभाळते. तरीबी दर जयंतीले थो पेटी माह्याकडं सरकवते आन म्हन्ते, भाऊजी, मारा भाता. आन मी मारतो. खुशाल राहो बिचारा.