शेजाऱ्याचं लिनक्स

कम्प्युटर चालवायले त्यात कोणतं लिनक्स टाकायचं, हे तुमच्याकडं कोण ठरवते मले माहीत नाही. आमच्याकडं शेजारी ठरवते.

आमच्या यवतमाळच्या कॉलेजात बोंडअळीचा अंदाज काढायसाठी नवं मशीन आलं. मी म्हटलं, उबंटू नावाचं लिनक्स टाकू, त्यात सगळं ताजं भेटते. आमचे राठोड सर म्हणाले, "थांब गड्या. कपाशीची पऱ्हाटी लावताना आपण काय करतो? शेजाऱ्यानं कोणतं बियाणं आणलं ते पाहतो."

लगेच त्यांनी शेजारच्या घाटंजीच्या कॉलेजातल्या शेख सरांले फोन लावला. त्यांच्याकडंही याच कामाचं मशीन आलं होतं. स्पीकरवर शेख सर म्हणाले, "आमचं डेबियन लिनक्स ठरलं. डोळे झाकून टाका!"

टाकलं. सोमवारी कॉलेजात येणाऱ्या पाहुण्यांले अंदाज दाखवायचा होता, अन् शनिवारी आमचा अंदाजाचा प्रोग्राम अडून बसला. त्याले लायब्ररी, म्हणजे आयत्या कोडचा गठ्ठा, पाहिजे नवी, अन् डेबियनमधली होती जुनी. सगळा स्क्रीन एररनं लाल झाला.

राठोड सरांनी पुन्हा फोन लावला. "शेखभाई, तुमच्याकडं हा प्रोग्राम कसा चालला?"

"आम्ही कुठं टाकलं अजून? तुमच्याकडं कसं उगवते ते पाहून राह्यलो. सांगा न, उगवलं का?"

राठोड सरांनी एकदा त्या लाल स्क्रीनकडं पाहिलं, एकदा माह्याकडं. मंग एकदम गोड आवाजात म्हणाले, "मस्त उगवलं, शेखभाई. डोळे झाकून टाका!"